माहिती चौकट: ग्रँड कॅनल चौक, डब्लिन

गोदी ते चौक

• १७९६ : ग्रँड कॅनल गोदी खुली. पुढे काठावर कोळशापासून गॅस बनवणारे कारखाने. ते बंद पडल्यावर उरली दूषित जमीन. बांधकामाआधी ती साफ करावी लागली.

• १९९७ : डब्लिन गोदी परिसर विकास प्राधिकरणाची स्थापना.

• २००७ : चौक पूर्ण. आराखडा अमेरिकी भूदृश्य रचनाकार मार्था श्वार्ट्झ यांच्या कार्यालयाचा.

दोन पट्टे

लाल : राळ आणि काचेची फरसबंदी. नाट्यगृहाच्या दारातून निघते, थेट गोदीच्या पाण्यावर जाते. तिच्यावर तिरके उभे लाल खांब, रात्री उजळणारे. चौकाची ओळख म्हणजे हेच खांब.

हिरवा : लाल पट्ट्याला छेदणारा. बहुकोनी वाफ्यांत हिरवळ आणि दलदलीतल्या वनस्पती. ही जागा मुळात पाणथळ होती, त्याची ही खूण. वाफ्यांच्या कडा बसण्याजोग्या.

भोवती

नाट्यगृह डॅनियल लिबेस्किंड यांचे. २०१० मध्ये खुले, आसने सुमारे २,१००. शेजारच्या हॉटेलची चौकटीदार इमारत पोर्तुगीज वास्तुरचनाकार मानुएल आयरेश मातेउश यांची.