सूर्याभोवतीचे खळे : बर्फाच्या स्फटिकांची किमया

सूर्याभोवती कधीकधी दिसणाऱ्या तेजस्वी वर्तुळाला मराठीत खळे म्हणतात, तर वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त त्याचा विचार 'परिवेष' या नावाने केलेला आढळतो. २४ मे २०२१ रोजी बंगळुरूच्या आकाशात असेच खळे दिसले होते.

भर उन्हाळ्यातही हे वर्तुळ घडवतो तो बर्फ. साधारण सहा किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर तंतुस्तर मेघ, म्हणजे झिरझिरीत पडद्यासारखे पसरलेले पांढुरके ढग असतात आणि त्यांतील बर्फाचे सूक्ष्म स्फटिक षटकोनी असतात. अशा स्फटिकाच्या एका बाजूने शिरलेला किरण एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडतो, तेव्हा त्या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असल्याने स्फटिक लोलकाचे काम करतो व किरण किमान सुमारे २२ अंशांनी वळतो. याहून कमी वळणे शक्य नसल्याने आणि बहुसंख्य किरण याच कोनाजवळ एकवटत असल्याने सूर्यापासून २२ अंशांवर उजळ कडे दिसते, तर त्याच्या आतला भाग तुलनेने काळपट राहतो. तांबडा प्रकाश सर्वांत कमी वळत असल्यामुळे कड्याची आतली किनार तांबूस असते.

हात लांब करून ताणलेली वीत अंदाजे या त्रिज्येएवढी भरते. मात्र निरीक्षण करताना सूर्यबिंब झाकणे आवश्यक असते, कारण त्याकडे थेट पाहिल्यास डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.