पोरक्या मुलांचे घर

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीची खाडी ओलांडण्यापूर्वी, बाळकुम लागते. एके काळी आगरी वस्तीचे असलेले हे गाव आज उत्तुंग इमारतींनी वेढले गेले असले, तरी अनेक ठाणेकरांना ते आठवते ते 2020 च्या जूनमध्ये तेथे उभारलेल्या सुमारे हजार खाटांच्या कोविड रुग्णालयामुळे. त्या साथीने आई आणि वडील दोघेही हिरावून नेलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने पुढील वर्षी पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली, हे योग्यच झाले. परंतु ज्यांचा कर्ता बाप गेला आणि आई मागे उरली अशी, संख्येने कितीतरी अधिक असलेली मुले त्या ठेवीच्या कक्षेबाहेर राहिली.

निराश्रितांना छत्र देण्याची महाराष्ट्राची परंपरा आदरणीय आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, 1875 मध्ये पंढरपुरास बालकाश्रम सुरू झाला, आणि टाकून दिलेल्या अर्भकाचा जीव वाचविणे हेच त्या काळी आद्य कर्तव्य होते. आज मात्र जगभरच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मृत्यूपेक्षा दारिद्र्यच त्यांना तेथे आणून सोडते. म्हणूनच आपल्या 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे.

कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांवरून येणाऱ्या गाड्या जेथे एकत्र होतात, त्या कल्याण स्थानकावर एकटे सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. घरातून रागाने निघालेले मूल अनेकदा आपले खरे नावही सांगत नाही. पोटभर जेवण आणि न दरडावणारा माणूस मिळाल्यावरच गावचे देऊळ, शाळेची वाट, धाकट्या बहिणीचे नाव असे एकेक बाहेर येते. ठाण्याची समतोल फाउंडेशन ही संस्था अशा मुलांना मामणोलीच्या शिबिरात काही आठवडे ठेवून, त्यांचे मन वळवून घरी पोहोचविते. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याचा बोभाटा होत नाही.

तथापि, मूल घराबाहेर पडण्यापूर्वीच घर सावरणे अधिक श्रेयस्कर, आणि त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एक पालक गमावलेल्या किंवा ज्यांचे पालक दुर्धर आजाराने अंथरुणास खिळले आहेत अशा मुलांना नातेवाइकांकडेच राहू देऊन दरमहा साहाय्य देणारी ही योजना. 2023 मध्ये तिची रक्कम 1100 वरून 2250 रुपये झाली. आजीच्या चुलीवर त्यातून शिधा येतो, वह्या येतात. पण अर्जास मृत्यूचा दाखला, तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा बोनाफाईड आणि घरासमोर पालकासह काढलेले मुलाचे छायाचित्र जोडावे लागते. परराज्यात मृत्यू पावलेल्या मजुराचा दाखला त्याच्या विधवेने रोजंदारी बुडवून आणावा तरी कसा? वस्तीतील अंगणवाडी सेविकेने आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी हे कागद तिच्यासोबत बसून पुरे करावेत, आणि शेजाऱ्यांनी अशा मुलांविषयी 1098 या बाल मदत क्रमांकावर कळविण्यास संकोच करू नये; त्या दूरध्वनीला पैसे पडत नाहीत आणि तो रात्रीही उचलला जातो.