दगडी कोळसा कशांत विरघळतो?

साखर पाण्यांत विरघळते, लाख स्पिरिटांत विरघळते. मग दगडी कोळसा कशांत विरघळतो? वाचकांस हा प्रश्न वेडगळ वाटेल, आम्हांसही प्रथम तसाच वाटला. परंतु कोळशाची आंतली रचना जाणावयाची तर तो जाळून भागत नाहीं. जाळला कीं रचनाही गेली.

कोळसा एकाच प्रतीचा नसतो. गाडलेल्या वनस्पतींपासून प्रथम तपकिरी लिग्नाइट, मग बिट्युमिनस व अखेरीस अँथ्रासाइट होतो. पायरीगणिक कर्ब वाढतो आणि प्राणवायु घटतो.

१९८८ सालीं जपानांतील तोहोकु विद्यापीठाचे मासाशी ईनो व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्बन डायसल्फाइड आणि एन-मेथिल पायरोलिडोन हे दोन द्रव समभाग मिसळून, मुळींच न तापवितां, त्यांत त्यांनीं कोळशाची पूड घातली. कांहीं बिट्युमिनस कोळशांचा, राख व ओल वगळतां, शेंकडा ६० हून अधिक भाग विरघळला! नवल हें कीं, यांतील पहिला द्रव एकटा असतां कोळशास जवळजवळ शिवतही नाहीं, आणि दुसऱ्याची एकट्याची मजल मिश्रणाहून फार कमी. पातळ कार्बन डायसल्फाइड दुसऱ्या दाट द्रवास कोळशाच्या अरुंद छिद्रांत शिरण्यास वाट करून देतो, असें याचें एक कारण सांगतात.

मात्र कर्ब शेंकडा ८६-८७ च्या आसपास असेल तेथेंच ही किमया खरी साधते. लिग्नाइटांत प्राणवायुयुक्त गट रेणूंस एकमेकांशीं जखडून ठेवितात. अँथ्रासाइटांत कर्बाचे रुंद थर एकावर एक घट्ट बसलेले असतात. दोहोंपुढें मिश्रण हात टेंकतें.

यांत वादाचा मुद्दा मोठा आहे. कोळसा म्हणजे पक्क्या रासायनिक बंधांचें एकच प्रचंड जाळें, असा समज रूढ होता. तसें असतें तर द्रावकांत तो रबराप्रमाणें फुगला असता, विरघळला नसता. म्हणून ईनो यांनीं असा पक्ष मांडिला कीं, अशा कोळशांतील पुष्कळ रेणु केवळ दुर्बळ आकर्षणानें एकत्र आलेले आहेत. आम्हांस हा पक्ष सबळ वाटतो.

विरघळलेल्या भागाबरोबर राख येत नाहीं, ती गाळांत राहते. यास्तव निराख कोळसा करण्याचे प्रयत्न जपानांत पुढें झाले, पण अन्य द्रावक व उष्णता यांच्या साह्यानें.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग शाळेंत करूं नये. कार्बन डायसल्फाइडची वाफ विषारी असून, ती पेटण्यास ज्योतही लागत नाहीं; उकळत्या पाण्याइतका तापलेला नळ पुरतो.