फ्यूज शाबूत, पण कपलर वितळला!

शेतकरी बंधूंनो, मागच्या मे महिन्यात जिंतूरहून परभणीकडे येत होतो. बोरीला बाजाराच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. एसी सुरू होता. बघता बघता तापमानाचा काटा वर चढला. बॉनेट उघडलं तर जळक्या प्लास्टिकचा वास, रेडिएटरचा पंखा बंद आणि त्याचा कपलर पिवळा पडून वितळलेला. फ्यूज काढून पाहिला, तो मात्र धड होता.

असं का व्हावं? तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी आठवा. लगचा बोल्ट ढिला झाला की वायर तिथंच काळी पडते. गाडीतही तेच होतं. जुन्या जीपला पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत तो विजेच्या मोटारीवर फिरतो. मोठी मोटार १२ व्होल्टवर १५ अँपिअरच्या आसपास करंट घेते. धुळीनं, ओलीनं कपलरमधली पिन काळवंडते, तिची पकड ढिली होते आणि विजेला अडथळा येतो. तो अडथळा ०.१ ओहम जरी असला तरी १५ अँपिअरला तिथं साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज करा! तापली की पिन आणखी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते.

अशा वेळी फ्यूज का उडत नाही? फ्यूज फक्त करंट जास्त झाला का ते पाहतो. इथं करंट नेहमीचाच असतो, उष्णता तेवढी एका जागी साठते. म्हणून कुणी "मोठा फ्यूज टाका" म्हणालं तर ऐकू नका. ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! उद्या मोटार अडकली तर त्या मोठ्या फ्यूजपायी वायरच पेटेल.

मग तपासायचं कसं? गाडी थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरतो. आता पातं हातानं फिरवा. जड लागलं, अडकलं किंवा खडखडलं तर मोटारच जादा करंट ओढते आहे. नुसता कपलर बदलून भागणार नाही.

पातं मोकळं फिरत असेल तर वायर पुन्हा जोडा आणि पंखा चालू करा. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की तो फिरतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई कपलरच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, त्याच वायरवर लावा. पॉझिटिव्ह आणि अर्थ, दोन्ही वायरी तपासा. एक-दोन दशांश व्होल्ट आला तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब समजा. हात, बाही आणि उपरणं पात्यापासून दूर ठेवा.

दुरुस्ती करताना काळी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीची वायर, नवी पिन आणि नवा कपलर पक्कडीनं घट्ट दाबून बसवून घ्या. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी रस्त्यात दगा देतो.

वाटेत काटा चढलाच तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्याआधीच मार्चमध्ये एकदा कपलर उघडून पाहा. त्याच दिवशी मेन स्विच बंद करून स्टार्टरचे लगही आवळून घ्या. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली, तर गाडीनं वाटेत बसू नये. तेवढ्यासाठी उन्हाळ्याआधीची ही पंधरा मिनिटं काढाच.