वेगांक व तरुण शर्यती घोड्यांच्या प्रगतीचा अंदाज

शर्यतीचे अंतर आणि धावपट्टीची त्या दिवसाची अवस्था यांचा परिणाम वगळून घोड्याचा वेग एकाच मोजपट्टीवर मांडला असता मिळणारे मूल्य म्हणजे वेगांक होय. एखाद्या घोड्याचे वेगांक कालक्रमाने मांडले, की त्यांत चढउतारांचा एक आकृतिबंध दिसू लागतो. त्यावरून दोन व तीन वर्षे वयाच्या घोड्याची पुढील प्रगती वर्तविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली. पैज लावणारे, घोड्यांचे खरेदीदार व प्रशिक्षक हे तिघेही तिचा उपयोग करतात. पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न पुढील शर्यतीपुरता असतो. खरेदीदारास व प्रशिक्षकास मात्र वाढत्या वयाच्या जनावराकडून किती अपेक्षा धरावी आणि त्याला किती श्रम द्यावेत, हे ठरवावयाचे असते.

पार्श्वभूमी : वयानुसार घोड्याचा वेग वाढतो, हे शर्यतींच्या व्यवस्थापकांना पूर्वीपासून माहीत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री जॉन राउस (१७९५–१८७७) यांनी वयानुसार वजनभाराचे कोष्टक तयार केले. भिन्न वयांचे घोडे एकत्र धावताना लहान वयाच्या घोड्यास वजनात किती सवलत द्यावी, हे त्यात महिना व अंतर यांनुसार ठरविलेले असते. वर्ष पुढे सरकते तशी ही सवलत घटत जाते आणि लांब अंतराला ती अधिक असते. म्हणजेच हे कोष्टक सरासरी घोड्याच्या वाढीचा आलेखच होय. विशिष्ट घोडा या सरासरीच्या पुढे आहे की मागे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

घड्याळातील वेळेचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय इंग्लंडमध्ये गणिताचे पदवीधर फिल बुल (१९१०–८९) यांना दिले जाते. त्यांनी १९४८ मध्ये ‘टाइमफॉर्म’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेच्या गुणांकनात सुधारणेची शक्यता असलेल्या घोड्याच्या अंकापुढे ‘पी’ हे लहान अक्षर आणि फार मोठ्या सुधारणेची क्षमता असलेल्यापुढे तेच मोठे अक्षर लावण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत लेन रॅगोझिन यांनी प्रत्येक घोड्यासाठी एक स्वतंत्र पत्रक तयार केले. त्यात घोड्याच्या प्रत्येक वर्षाचे अंक शेजारशेजारच्या स्तंभांत मांडलेले असल्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाची तुलना एका दृष्टिक्षेपात करता येते. त्यांच्या अंकांत वाहिलेले वजन, वळणावर बाहेरच्या बाजूने धावल्यामुळे वाढलेले अंतर व वारा यांचाही हिशेब असतो आणि अंक जितका लहान तितकी कामगिरी सरस मानली जाते. पत्रकार अँड्रू बायर यांनी पिकिंग विनर्स (१९७५) या ग्रंथाद्वारे वेगांकाची कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. त्यांचे अंक १९९२ पासून डेली रेसिंग फॉर्म या शर्यतविषयक दैनिकात छापले जाऊ लागले. बायर यांच्या मोजपट्टीवर मोठा अंक सरस असतो. पुढील विवेचनात हीच मोजपट्टी वापरली आहे.

गणनपद्धती : केवळ वेळ पाहून दोन घोड्यांची तुलना करणे फसवे ठरते. कोरडी व घट्ट धावपट्टी वेगवान, तर खोल भुसभुशीत धावपट्टी मंद असते. म्हणून प्रथम प्रत्येक अंतराची वेळ मूळ कोष्टकावरून अंकात रूपांतरित करतात. नंतर त्या दिवशीच्या सर्व शर्यतींचे अंक त्या त्या दर्जाच्या घोड्यांकडून अपेक्षित असलेल्या अंकांशी ताडून पाहतात. समजा, सहा फर्लांगांच्या (सु. १,२०७ मी.) शर्यतीतील विजेत्याची वेळ कोष्टकानुसार ८४ अंकांची आहे, परंतु त्या दिवशीच्या शर्यती सरासरीने सहा अंकांनी जास्त जलद झाल्या आहेत. ही वाढ घोड्यांची नसून धावपट्टीची आहे असे मानून सहा अंक वजा केले जातात व विजेत्याचा वेगांक ७८ ठरतो.

मागे राहिलेल्या घोड्यांचे अंक विजेत्यापासूनच्या अंतरावरून काढतात. हे अंतर घोड्याच्या शरीराच्या लांबीत मोजले जाते. सहा फर्लांगांत एक लांबी म्हणजे सु. अडीच अंक, तर एका मैलात ती दोन अंकांहूनही कमी भरते. कारण लांब शर्यतीत तेवढाच फरक एकूण वेळेच्या मानाने लहान असतो. त्यामुळे वरील शर्यतीत दोन लांबींनी हरलेल्या घोड्यास सु. ७३ अंक मिळतील. हेच अंतर एका मैलाच्या शर्यतीत असते, तर फरक चार अंकांहून कमी झाला असता.

वाढीचा शारीरिक आधार : उत्तर गोलार्धात थरोब्रेड जातीच्या घोड्याचे वय १ जानेवारीस एका वर्षाने वाढते असे मानतात. त्यामुळे जानेवारीअखेर व मे महिन्यात जन्मलेली शिंगरे कागदोपत्री समवयस्क असली, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात तीन-चार महिन्यांचे अंतर असते. दोन वर्षांच्या वयात हे अंतर बरेच मोठे होय. पुढच्या पायातील गुडघ्यावरील हाडाची वाढपट्टिका सामान्यतः दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास बंद होते. नळीचे हाड धावण्याच्या ताणाला प्रतिसाद देत हळूहळू दाट व बळकट होते. हा ताण एकदम वाढला, तर तरुण घोड्यांची नळी पुढील बाजूने दुखू लागते. स्नायू, हृदय व श्वसन यांची क्षमताही सरावाने वाढते. याशिवाय दरवाजातून वेळेवर सुटणे, इतर घोड्यांच्या पायांनी उडणारी माती सहन करणे आणि जॉकीच्या इशाऱ्याने वेग राखून ठेवणे या गोष्टी घोडा अनुभवाने शिकतो. पहिल्या व दुसऱ्या शर्यतींत दिसणारी सुधारणा पुष्कळदा अशा शिकण्यामुळेच झालेली असते.

मार्शल ग्रॅम व रॉबर्ट मार्कस्टायनर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार थरोब्रेड घोड्याच्या कामगिरीचा कळस सरासरीने ४.४५ वर्षांच्या वयात येतो. दोन वर्षांपासून साडेचार वर्षांपर्यंत मैलाहून कमी अंतराच्या शर्यतींत सु. दहा लांबींची, तर त्याहून लांब शर्यतींत सु. पंधरा लांबींची सुधारणा होते आणि नंतरची घसरण या वाढीपेक्षा मंद असते. यावरून तरुण घोड्याबाबत काही सुधारणा गृहीतच धरावी लागते. आकृतिबंधाच्या वाचकापुढे प्रश्न उरतो तो तिच्या वेळेचा व प्रमाणाचा.

प्रमुख आकृतिबंध : (१) पायऱ्यांची वाढ : ६२, ६८, ७३ असे अंक क्रमाने वाढत असतील व प्रत्येक टप्पा लहान असेल, तर वाढीबरोबर घोड्याला श्रमही पेलत आहेत असे समजतात. (२) मोठी झेप : ६५ नंतर एकदम ८८ अंक मिळविणारा घोडा पुढील शर्यतीत खाली येण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकन शर्यतविश्वात याला ‘बाउन्स’ म्हणतात. मराठीत पीछेहाट म्हणता येईल. असामान्य श्रमाने आलेला थकवा हे त्याचे कारण मानले जाते. (३) घसरण व पुनरागमन : ७८, ७०, ७९ या मालिकेत घोड्याने जुना उच्चांक पुन्हा गाठला व किंचित ओलांडला आहे. झेपेचा शीण भरून निघाला असून आता तो नव्या पातळीवर जाऊ शकेल, असा अर्थ लावतात. (४) वर्षांतरातील तुलना : दुसऱ्या वर्षीचा उच्चांक तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच्या शर्यतींत गाठणारा किंवा थोडक्यात ओलांडणारा घोडा अनुकूल स्थितीत आहे असे मानतात. विश्रांतीनंतरच्या पहिल्याच शर्यतीत त्याने तो फार मोठ्या फरकाने ओलांडला, तर पीछेहाटीची शंका घेतली जाते. उलट वसंत ऋतू संपत आला तरी जुनाच उच्चांक दूर राहिला असेल, तर समवयस्क पुढे गेले व हा थांबला, असा निष्कर्ष निघतो. (५) आरंभीच्या वेगातील वाढ : शर्यतीच्या पहिल्या भागाचा अंक पूर्वीपेक्षा वाढला, पण शेवटी घोडा थकल्याने एकूण वेगांक तेवढाच राहिला, तर ती येऊ घातलेल्या सुधारणेची खूण समजतात. अमेरिकेत कॅरी फोटियास यांनी या खुणेवर विशेष भर दिला.

उदाहरणे : अमेरिकन फेअरो या घोड्याने २०१४ मध्ये दुसऱ्या वर्षी दोन प्रमुख शर्यतींत १०१ व १०४ असे बायर वेगांक मिळविले. २०१५ च्या आरंभीच्या दोन शर्यतींत त्याचे अंक १०० व १०५ होते; म्हणजे जुना उच्चांक जेमतेम ओलांडला गेला. त्यानंतर केंटकी डर्बी, प्रीकनेस व बेलमाँट या तिन्ही शर्यती त्याने अनुक्रमे १०५, १०२ व १०५ अंकांनी जिंकल्या आणि १९७८ नंतर प्रथमच तिहेरी मुकुटाचा मान मिळविला. ऑगस्टमध्ये त्याला १०९ व वर्षाच्या अखेरच्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये १२० अंक मिळाले. सर्वांत मोठी वाढ अशा रीतीने अगदी शेवटी झाली.

एकच अंक दोन घोड्यांबाबत किती वेगळी भाकिते खरी ठरवू शकतो, हे पुढील जोडीवरून दिसते. चर्चिल डाउन्स येथे एकाच अंतराच्या ब्रीडर्स कप ज्युव्हेनाइल शर्यतीत २००६ मध्ये स्ट्रीट सेन्सने व २०१० मध्ये अंकल मोने प्रत्येकी १०८ अंक मिळविले. स्ट्रीट सेन्सने पूर्वतयारीच्या दोन शर्यतींनंतर २००७ ची केंटकी डर्बी ११० अंकांनी जिंकली. या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिलाच घोडा ठरला. अंकल मो २०११ च्या एप्रिलमधील पूर्वतयारीच्या शर्यतीत तिसरा आला व आजारामुळे डर्बीतून त्याला माघार घ्यावी लागली. पीछेहाटीच्या सिद्धांताला त्याचे अपयश सोयीचे वाटले, तरी त्यामागे पचनसंस्थेचा विकार होता. उशिरा धावू लागलेल्या घोड्यांबाबत तर दुसऱ्या वर्षाचा आधारच नसतो. फ्लाइटलाइन २०२१ च्या एप्रिलमध्ये, तिसऱ्या वर्षी, प्रथम धावला व त्याच वेळी त्याला १०५ अंक मिळाले. २०२२ च्या पॅसिफिक क्लासिकमध्ये त्याने १२६ अंक मिळविले आणि सहापैकी एकही शर्यत न हरता तो निवृत्त झाला. पहिल्या मोठ्या अंकानंतर त्याच्या पीछेहाटीवर विसंबलेल्यांचा अंदाज चुकला.

मर्यादा : वेगांकात दोन घटक मिसळलेले असतात : घोड्याची खरी कुवत आणि त्या दिवसाचा योगायोग. ७५ अंकांची कुवत असलेला घोडा अनुकूल मार्ग व सोयीची गती मिळाल्यास ८१, तर अडथळे आल्यास ६९ अंक मिळवू शकेल. उच्चांकानंतरचा अंक बहुधा कमी भरतो, याचे कारण थकवाच असला पाहिजे असे नाही. अपवादात्मक अनुकूलता दुसऱ्या दिवशी पुन्हा लाभत नाही, एवढेही पुरेसे असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परत येणे म्हणतात. पीछेहाटीचा किती भाग थकव्याचा व किती या प्रवृत्तीचा, हे एका घोड्याच्या चारपाच अंकांवरून वेगळे करता येत नाही. घोड्याला बदललेले अंतर, धावपट्टी, डोळ्यांवरील झापडे किंवा नवा प्रशिक्षक मिळाला असेल, तर जुन्या मालिकेचा आधार आणखी दुबळा होतो.

दुसरा दोष निवडीचा आहे. जे घोडे दुखापतीमुळे किंवा मंदपणामुळे शर्यतींतून बाहेर पडतात, त्यांची मालिका तेथेच थांबते. मागे उरलेल्यांचे आलेख पाहिले, की वाढ प्रत्यक्षाहून नियमित भासते. तिसरी मर्यादा आर्थिक आहे. वेगांक दैनिकात छापले जाऊ लागल्यापासून ते सर्वांनाच उपलब्ध झाले व जमा रकमेतून वाटप होणाऱ्या पैजांच्या दरांत त्यांचे प्रतिबिंब पडू लागले. केवळ मोठा अंक ओळखून लाभ होईना, तेव्हाच आकृतिबंधांच्या वाचनाला अधिक महत्त्व आले. परंतु वाटपापूर्वी आयोजक व शासन यांचा वाटा कापला जात असल्याने अंदाज बरोबर असणे पुरेसे नसते. तो इतरांच्या अंदाजापेक्षा या कपातीहून अधिक प्रमाणात सरस असावा लागतो.

हिरवळीच्या धावपट्टीवर ही पद्धत अधिक सावधपणे वापरावी लागते. तेथे आरंभी वेग राखून शेवटच्या टप्प्यात जोर लावण्याची रीत असल्याने मंद गतीच्या शर्यतीत उत्तम घोड्याचाही अंक लहान भरतो. मुंबईतील महालक्ष्मीची धावपट्टी हिरवळीची आहे. शिवाय केंटकी डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठी मे महिन्यात होते, तर महालक्ष्मी येथील २,४०० मी. अंतराची इंडियन डर्बी फेब्रुवारीत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. भारतीय घोड्यास त्यामुळे वाढीला अधिक अवधी मिळतो आणि दुसऱ्या वर्षीच्या अंकांवरून डर्बीचा अंदाज करणे येथे तितकेच दूरचे ठरते.

आकृतिबंधाचे वाचन सर्वांत जपून करावे लागते, ते वाढ अनपेक्षितपणे थांबलेली दिसते तेव्हा. खालावलेला अंक म्हणजे पैज लावणाऱ्याच्या लेखी हुकलेली संधी असते. घोड्याच्या बाबतीत मात्र ती नळीच्या हाडातील सूक्ष्म इजेची, श्वसनाच्या विकाराची किंवा अतिश्रमाची पहिली खूण असू शकते. त्यावेळी पुढील शर्यतीत सुधारणा होईलच असे धरून घोडा पुन्हा उतरविल्यास लहान इजेचे रूपांतर अस्थिभंगात होण्याचा धोका असतो. अंकांत वेदनेची नोंद नसते. म्हणून वेगांकाची मालिका पशुवैद्याची तपासणी व रोजच्या सरावाचे निरीक्षण यांच्या जोडीनेच वाचणे आवश्यक आहे.