कोंबडे नीट झाका!

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहात नाही, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण कोंबडे नीट झाकले नाही, तर तांबडे फुटते आणि आरवायला कोंबडेच उरत नाही, हेही तितकेच खरे! सकाळी खुराड्याचे दार उघडावे तो आत पिसांचा सडा, दोन कोंबड्या मान टाकून पडलेल्या, आणि खुडूक बसवलेल्या कोंबडीखालची अंडी नाहीशी झालेली. ज्या घरी कोंबड्या आहेत, त्या घराला हा अनुभव कधी ना कधी आलेला असतोच.

दहा-बारा गावठी कोंबड्या म्हणजे घरधनिणीची स्वतःची पेटी. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, पाहुणा आला तर वेळ निभावते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते. एक तलंग अंड्यावर यायला पाच-सहा महिने जातात. ती नेमकी त्या वेळी गेली, तर अर्ध्या वर्षाचे दाणे आणि राखण फुकट गेली असे समजा.

तुम्ही म्हणाल, चाकण, कुरुळी, निघोजे, मोई या भागात आता चहूकडे कारखाने झाले. रानातले जनावर येणार कुठून? पण तसे नाही. कारखान्यांच्या मधून ओढे आहेत, झाडोरा आहे, पडीक जमिनी आहेत, आणि भामा-इंद्रायणीच्या काठाने ऊस आहे. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात चक्क बिबट्या शिरला होता. वनखात्याला तो पकडून न्यावा लागला. जिथे बिबट्या वावरतो, तिथे मुंगूस आणि रानमांजर असणारच. शिवाय खानावळींचे खरकटे आणि मटण-चिकनच्या दुकानांची घाण यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. वस्ती वाढली म्हणून कोंबडीचे शत्रू कमी झाले नाहीत, त्यांत भर पडली.

चोर ओळखा

नुकसान झाले की आपण लगेच मुंगसाच्या नावाने बोटे मोडतो. पण मुंगूस दिवसा हिंडते. भरदुपारी कोंबडी ओरडली आणि मानेशी चावलेली सापडली, तर संशय मुंगसावर घ्या. रात्रीचा चोर बहुधा दुसराच असतो.

चार-पाच कोंबड्या मारून तशाच टाकलेल्या, जाळी फाटलेली, सगळीकडे पिसे, हे काम बहुतेक कुत्र्यांचे. एकच कोंबडी गायब आणि पिसांची ओळ कुंपणाकडे गेलेली दिसली, तर कोल्हा, खोकड किंवा रानमांजर आले असावे. पिल्ले रात्रीतून एकेक कमी होत असतील, तर खुराड्याच्या तळाशी घुशीचे बीळ शोधा. अंडे गेले आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप आला असेल. म्हणून अंधारात कधीही घरट्यात हात घालू नका. आधी बॅटरी मारून पाहा. उघड्या अंगणातली पिल्ले दिवसा उचलतात ती घार, शिक्रा आणि कावळा.

खुराडे कसे असावे?

आपल्याकडे बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी सर्रास वापरतात. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रे ती दातांनी फाडते; लहान साप आणि उंदीर तिच्या भोकांतून सहज जातात. पैसे थोडे जास्त पडले तरी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड केलेली जाळी घ्या. सगळ्या खुराड्याला परवडत नसेल, तर निदान खालचे दोन फूट आणि हवेच्या खिडक्या तरी या जाळीने मढवा.

जमिनीतून उकरून येणाऱ्यासाठी साधी युक्ती आहे. भिंतीच्या कडेने एक फूट रुंदीची जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरा, ती भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधा आणि वर दगड-माती टाका. उकरणारे जनावर भिंतीला लागूनच उकरू लागते, तिथे पंजाखाली जाळी लागते आणि ते नाद सोडते. खुराडे दीड-दोन फूट उंच पायांवर उभे केले तर आणखी चांगले. पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदीर-घुशी चढत नाहीत.

दहा कोंबड्यांना रात्री मुक्कामाला चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. आत बसायला आडवी दांडी ठेवा. आपल्या भागात कारखान्यांतून निघालेली लाकडी खोकी भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात. त्यांचे खुराडे छान होते. मात्र तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेली फळी घेऊ नका, आणि खिळे ठोकून सपाट करा.

भीतीपोटी खुराडे सगळीकडून बंद मात्र करू नका. हवा कोंडली की विष्ठेच्या वाफेने कोंबड्यांना सर्दी होते, उन्हाळ्यात त्या गुदमरतात. वरच्या बाजूला जाळीची खिडकी हवीच. पत्र्यावर उसाचे पाचट टाकले की आत गारवा राहतो.

दार कोण लावणार?

खुराडे कितीही चांगले असले, तरी एका संध्याकाळी दार उघडे राहिले की सगळे पाण्यात! आजच्या आपल्या घरांत घोटाळा इथेच होतो. मालक दुसऱ्या पाळीला, सून पॅकिंगच्या कामाला, मुले क्लासला. ज्याला त्याला वाटते, कोंबड्या दुसऱ्या कुणीतरी डालल्या असतील. म्हणून घरातल्या एकाच माणसाकडे हे काम सोपवा. आजी असोत की शाळकरी नातू, दिवेलागणीच्या आधी कोंबड्या मोजायच्या, आत घ्यायच्या आणि कडी घालून खिट्टी लावायची. सुतळीच्या गाठीवर भरवसा ठेवू नका.

सकाळीही घाई नको. चांगले उजाडल्यावरच सोडा, कारण कोल्हा आणि रानमांजर पहाटेही फिरतात. यात आणखी एक फायदा आहे: बऱ्याच कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, ती खुराड्यातच सापडतात. पिल्ले पहिले महिनाभर डालग्याखाली किंवा वरून जाळे टाकलेल्या वाड्यात ठेवा. सांडलेले दाणे रात्री उचला; दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कापलेल्या कोंबडीची आतडी-पिसे उकिरड्यावर न टाकता खोल पुरा.

विष नको, वीज नको

संतापाच्या भरात काही जण मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवतात, किंवा कुंपणात वीज सोडतात. असे कधीही करू नका. त्या विषाने राखणीचे कुत्रे मरते, त्या तारेला शेजारचे मूल चिकटते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांना मारणे गुन्हा आहे. आणि हीच जनावरे शेतातले उंदीर खातात, हेही विसरू नका. बिबट्याचा वावर दिसला, तर कोंबड्या घराला लागून पक्क्या जागेत ठेवा, अंगणात दिवा लावा, रात्री एकट्याने पाहायला जाऊ नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चोर नेहमीच राहणार. भोक ठेवायचे की बुजवायचे, एवढेच आपल्या हाती आहे. आज संध्याकाळी बॅटरी घेऊन खुराड्याभोवती एक फेरी मारा. जिथे तुमची दोन बोटे आत जातात, ते भोक उद्यावर टाकू नका.