नव्वद आकड्यांची थैली

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, गास, भुईगाव अशा गावांत, नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे आळीतल्या मोकळ्या जागेत मांडव पडलेला असतो. संगीत खुर्ची होते, पार्सल फिरतं, जोडपी वर्तमानपत्राच्या घडीवर नाचतात. घडी लहान होत होत शेवटी नवरा बायकोला उचलून एका पायावर उभा राहतो आणि हशा पिकतो. मजा येते, पण हे सगळे बाद करण्याचे खेळ. पाच-दहा मिनिटांत अर्धा मांडव कडेला उभा असतो आणि आज्या तर पहिल्यापासूनच प्रेक्षक असतात. सगळा मांडव एकाच वेळी खेळायला बसतो तो हाउजीला. पुकारणारा थैलीतून एकेक सोंगटी काढून तिच्यावरचा आकडा पुकारतो, ती फलकावर लावतो आणि लोक तो आकडा आपल्या तिकिटावर शोधतात.

अशा मांडवांत मी पुकारणाऱ्याच्या शेजारी बसून तिकिटं तपासत आलो आहे. तिथून बघताना एक गोष्ट पक्की झाली. या खेळात खेळणाऱ्याला कसलंच कौशल्य लागत नाही, म्हणून सात वर्षांची नात आणि सत्तरीची आजी खरोखर बरोबरीनं खेळतात. सगळं कौशल्य लागतं ते पुकारणाऱ्याला.

तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, सत्तावीस घरं. त्यांतली पंधरा भरलेली, प्रत्येक ओळीत पाच. पहिल्या रकान्यात 1 ते 9, पुढे दहा-दहाचे गट आणि शेवटच्या रकान्यात 80 ते 90. सहा तिकिटांचा अखंड कागद घेतला तर त्यावर नव्वदच्या नव्वद आकडे एकेकदा येतात. लहान मुलं असलेल्या घरानं हा कागदच घ्यावा असं मी आग्रहानं सांगतो. एका तिकिटावर सरासरी सहांतला एक आकडा लागतो आणि मधल्या पाच आकड्यांत पोराचा जीव कंटाळतो. अख्खा कागद हातात असला की प्रत्येक पुकाराला घरात कुणाची तरी पेन्सिल चालते. पूर्वी पुठ्ठ्याची तिकिटं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायची असत, तेव्हा आकड्यांवर चिंचोके मांडत.

चांगला पुकारणारा प्रत्येक आकडा तीनदा सांगतो. "एकोणसाठ. पाच-नऊ. फिफ्टी नाईन." एकोणसाठ की एकोणसत्तर, यात इंग्रजी शाळेतली मुलं हमखास अडकतात आणि फिफ्टी की फिफ्टीन हे मागच्या रांगेतल्या आजीला ऐकू येत नाही. सुटे आकडे मात्र दोघांनाही कळतात. मग तो थांबतो. थांबणं किती, हे घड्याळावर ठरत नाही. तो समोरच्या डोक्यांकडे बघतो. आकडा ऐकला की डोकी तिकिटात खाली जातात, शोधून झालं की वर येतात. सगळ्यांत सावकाश वर येणारं डोकं कुणाचं हे त्याला पहिल्या चार-पाच आकड्यांत कळलेलं असतं आणि पुढचा सगळा खेळ तो त्या माणसाच्या चालीनं चालवतो. हल्ली मोबाइलवर आकडे पुकारणारी ॲप आली आहेत. त्यांना समोरची डोकी दिसत नाहीत, म्हणून नाताळच्या मांडवात मला ती नको वाटतात.

आकड्यांना जोडून बोलायची रीत जुनी आहे. ब्रिटिश सैन्यात हा खेळ 'हाउसी हाउसी' म्हणून खेळला जाई, आणि 'लेग्ज इलेव्हन', 'टू फॅट लेडीज' ही इंग्रजी पुकारणी भारतातल्या क्लबांमध्येही रुळली. पण नाताळशी याचं नातं त्याहून जुनं, इटलीतल्या नेपल्सचं. तिथे नाताळात घरोघर तोंबोला मांडतात, तोही नव्वद आकड्यांचाच, आणि आकडे झाकायला वाल किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे घेतात. प्रत्येक आकड्याला तिथे एकेक अर्थ ठरलेला आहे. 25 म्हणजे नाताळ, 33 म्हणजे ख्रिस्ताचं वय, 48 म्हणजे बोलणारा मेलेला माणूस आणि 90 म्हणजे भीती.

आमच्याकडचे पुकारणारे आपापली भर घालतात. बारा आला की बारा प्रेषित, चाळीस म्हणजे उपासकाळाचे दिवस, एकोणचाळीस म्हणजे 1739, चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते वर्ष. पंचवीसला सगळा मांडव एका सुरात 'मेरी ख्रिसमस' ओरडतो, मग तो आकडा कुणाच्या तिकिटावर असो वा नसो. अठ्ठ्याऐंशीला मात्र 'टू फॅट लेडीज'चा, जाड बायकांचा विनोद नको. समोर बसलेल्या कुणाला तरी तो लागतो, आणि सणाच्या दिवशी कुणालाही घरी दुखावून पाठवायचं नसतं.

शंभरेक तिकिटं खपली असतील तर जल्दी पाच, म्हणजे तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सगळ्यांत आधी लागण्याचा मान, बहुधा नवव्या-दहाव्या आकड्याला जातो. वरची, मधली, खालची या ओळी पस्तिशीच्या आसपास सुटायला लागतात आणि फुल हाउस, म्हणजे तिकिटावरचे पंधराही आकडे, पासष्ट ते सत्तर आकड्यांच्या दरम्यान. ही चाल माहीत असलेला पुकारणारा साठाव्या आकड्यानंतर आवाज खाली आणतो, विनोद बंद करतो. मागे भांडी वाजली तर जेवण वाढणाऱ्यांना हात करून थांबवतो. बक्षिसं रोख नसावीत, वस्तू असाव्यात. केक, डबा, चादर हातात घेऊन माणूस मांडवातून परत जागेवर जातो, तेव्हा सगळ्यांना ते दिसतं.

'हाउस!' अशी आरोळी आली की माझं काम सुरू होतं. तिकीट हातात घेऊन मी एकेक आकडा मोठ्यानं वाचतो, पुकारणारा फलकावर बोट ठेवून 'आहे' म्हणतो. नियम कडक आहे. शेवटच्या पुकारलेल्या आकड्यावरच दावा करायचा. पुढचा आकडा बाहेर पडला की आधीचा हक्क गेला. चुकीचा दावा म्हणजे बोगी, ते तिकीट बाद. दोघांनी एकदम हात वर केला तर बक्षीस वाटून द्यायचं. पण बोगी आठ वर्षांच्या पोराची असली तर? मी पाहिलेले बहुतेक पुकारणारे म्हणतात, "अंकल, त्याचं तिकीट परत द्या, खेळू दे." यावर कुणी हरकत घेतलेली मला आठवत नाही.

दुसरं फुल हाउस ठेवावंच. पहिलं लागतं तेव्हा एकाच आकड्यावर अडलेली बरीच माणसं मांडवात असतात. त्यांचा जीव त्या आकड्यात गुंतलेला असतो, आणि त्यांना तसंच जेवायला उठवणं बरं नाही. बक्षीस साधं, एक केकचं पाकीट असलं तरी चालतं. ते लागलं की पुकारणारा थैलीत उरलेल्या सोंगट्या फलकावर लावून बघतो, एक ते नव्वद सगळी घरं भरली का ते. मग सगळ्या सोंगट्या परत थैलीत भरून, तिचं तोंड बांधून ती शेजारच्या आळीतल्या पोरांच्या हाती देतो, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मांडव असतो.